आक्का, जरा हळू

कारखान्यात उसाची मोळी पडली, भोंगा वाजला, की कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या लोकांना बरं वाटतं. हंगाम सुरू झाला म्हणायचं! माझं मात्र त्याच दिवसापासून डोकं उठतं. घरासमोरच्या रस्त्यावरून उसाच्या गाड्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ह्या एवढाल्या स्पीकरच्या पेट्या. ऊस गाळायला चाललाय का लग्नाला, देव जाणे. मागच्या खोलीत मी भिंतींना फोम चिकटवलाय, दाराला जुन्या वाकळा टांगल्यात, खिडकी तर कायमची खिळे मारून बंद केलीय. तरी गाण्याचा ठोका जमिनीतून खुर्चीत येतो आणि खुर्चीतून मणक्यात. आणि मी तिथं बसून काय करत असतो? तर मालिकेतली सून सासूला "आई, मला थोडं बोलायचंय" असं म्हणते, ते वाक्य घरोघरी नीट ऐकू जावं म्हणून जीव टाकत असतो.

हे माझं पोटापाण्याचं काम. मालिकांमधल्या बोलण्याची पातळी मोजायची आणि ती जागेवर आणून ठेवायची. नातेवाइकांना ते आजवर समजलेलं नाही. मामा म्हणाले, "म्हंजे मांडवाचे स्पीकर भाड्यानं देतोस व्हय?" मी नाही म्हटलं, तरी त्यांच्या मुलीच्या लग्नात मला बँडवाल्यांच्या शेजारी उभं केलंच, जरा आवाजाकडं बघ म्हणून. जेवायलासुद्धा मला शेवटच्या पंगतीला पाट मिळाला. तेव्हापासून मी समजावून सांगायचं सोडून दिलंय.

तुम्हाला मात्र सांगतो, कारण तुमच्या हातात रिमोट असतो. पात्रं काय बोलतात ते ऐकू येईना म्हणून तुम्ही आवाज वाढवता. तेवढ्यात पाठीमागचं संगीत दणकतं, म्हणून कमी करता. मग साबणाची जाहिरात येते ती बोंबलतच येते, आणि तुम्ही टीव्हीला शिव्या घालता. हे होऊ नये म्हणून आमच्याकडं एक मीटर असतं. ते गप्प जागा सोडून देतं, माणसं बोलतात तेवढंच ऐकतं, आणि ते बोलणं कानाला सरासरी किती मोठं वाटेल त्याचा एक आकडा देतं. रोजच्या भागाला तोच आकडा यायला पाहिजे. सोमवारी एक आणि मंगळवारी भलताच, असं चालत नाही. जरा इकडचं तिकडं झालं की मुंबईच्या वाहिनीकडून भाग परत. इतकं साधं काम आहे. निदान आक्का भेटेपर्यंत मला ते साधं वाटत होतं.

यंदा मळीचा वास नाकात शिरला आणि दोन हंगामांमागचं ते सगळं पुन्हा वर आलं. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला एका वाडीत आमच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. नायक शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून शेत पाहिजे, म्हशी पाहिजेत, गोठा पाहिजे. आक्का म्हणजे त्या गोठ्याच्या मालकीणबाई. शूटिंगवाल्यांनी त्यांच्या हरभऱ्यात ट्रायपॉड रोवला, तेव्हा त्यांनी बांधावरून अशी काही हाक ठोकली, की दिग्दर्शक आधी पळाला आणि मग परत येऊन म्हणाला, "ह्याच पाहिजेत आईच्या कामाला." आक्का गावच्या जत्रेतल्या नाटकांत काम केलेल्या. माइक नसताना पार शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं बोलायची सवय. त्यांना नवल वाटलं नाही. "करतो की," म्हणाल्या, "त्यात काय!"

पहिलाच प्रसंग मुलाला जेवायला बोलावण्याचा. आक्का दारात आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आरं ये की जेवाय! कवाधरनं हाका मारतोय, भाकरीचा पापूड झाला की रं!" रेकॉर्डिंग करणाऱ्यानं कानावरचा हेडफोन उपसून काढला. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग माझ्याकडं आलं आणि मीटर थेट लाल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः सेटवर गेलो. हात जोडले.

"आक्का, जरा हळू."

"हळू? का वो पावणं? कोन आजारी हाय?"

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. इकडं तिकडं बघितलं त्यांनी, की कुणाच्या घरात काय झालंय. आणि मी तरी कोणत्या तोंडानं हसणार? मीही इथलाच. आमच्याकडं प्रेम मोठ्यानं करतात, पाहुण्याचं स्वागत मोठ्यानं करतात, रस्त्यापलीकडच्या माणसाशी गप्पा ह्या बाजूनंच मारतात. हळू बोलायची वेळ येते ती वाईट बातमी सांगायलाच. आमचे आप्पा फोनवर असे बोलायचे, की फोन नसता तरी चाललं असतं. मी पुण्यात शिकायला होतो, तेव्हा खोलीतली बाकीची पोरं त्यांचा फोन आला की आपणहून उत्तरं द्यायची. एक दिवस सकाळी त्यांचा फोन आला आणि ते हळूच म्हणाले, "जेवलास का?" बास. पुढं ते काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मी चपला घातल्या आणि स्टँडकडं पळत सुटलो. आई गेली होती. ते सांगायच्या आधीच मला समजलं होतं, त्यांच्या आवाजावरून.

हे मुंबईला कसं सांगायचं?

मुंबईला वाहिनीच्या ऑफिसात ऋजुता नावाची मुलगी होती. आमचे भाग तपासणं तिचं काम. वाईट मुलगी नव्हती, उलट फार गोड, आणि तोच वैताग. तिचं बोलणं ऐकायला मला फोन कानात खुपसावा लागायचा. मी आक्कांचं एकेक वाक्य धरून खाली आणलं, मुलाच्या, सुनेच्या, सगळ्यांच्या बरोबरीला बसवलं. आकडा अगदी चोख. भाग पाठवला, तर हिचा फोन.

"सर, लेव्हल बरोबर आहे. पण आई ओरडतेय."

"ओरडत नाही हो, जेवायला बोलावतेय."

"पण चिडल्यासारखी वाटते ना."

"मुलगा जेवला नाही म्हणून चिडलीय. आई आहे ती."

"नाही सर, ते प्रेमळ नाही वाटत."

आता काय कपाळ बडवून घेऊ? पण मनातून मला माहीत होतं की ती खोटं बोलत नाहीये. ओरडणं कितीही खाली आणा, ते लहान आवाजातलं ओरडणंच राहतं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या ऐकू येतात. कुजबुज कितीही वर चढवा, ती कुजबुजच. मीटरला फक्त किती ते समजतं, कसं ते समजत नाही. मुंबईच्या कानाला जे भांडण वाटतं, ते आमच्याकडं जेवणाचं आमंत्रण असतं. ते मोजायचं मीटर अजून कुणी काढलेलं नाही, आणि काढलं तर पहिलं मी घेईन.

मी लांबलचक मेल लिहिले. तावातावानं लिहिले. इथली माणसं कशी बोलतात, मालिका कोल्हापूरची आहे, कोल्हापूरचं नाव दाखवून तर तुम्ही तिची जाहिरात करता, मग कोल्हापूरचा आवाज का नको? उत्तर एका ओळीत आलं. पुढच्या काही भागांत फरक पडला नाही, तर आईच्या पात्राचा आवाज दुसऱ्या कलाकाराकडून करून घेतला जाईल.

हे सांगायला मी आक्कांच्या घरी गेलो. त्या गोठ्यात म्हशीला उसाच्या शेंड्याचं वाढं तोडून घालत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, विळा खाली ठेवला.

"म्हंजे तोंड म्या हालवायचं आन् बोलायचं दुसऱ्या बाईनं?"

"तसंच."

"का वो, माझं बोलनं समजत न्हाय त्यास्नी?"

"समजतं. मोठं वाटतं."

त्या म्हणाल्या, "पावणं, त्या मालिकेत माझं काय हाय सांगा बघू. लुगडं त्यांचं, कुकू त्यांचं, घर त्यांचं, पोरगाबी त्यांचाच. माझं म्हनून तेवढा आवाजच हाय की त्यात. त्यो बी काडून घेत्यात?"

मला त्यांचा राग आला, ऋजुताचा राग आला, आणि तेवढ्यात रस्त्यानं गेलेल्या उसाच्या गाडीवरच्या गाण्याचा तर भयंकर राग आला. म्हटलं, "आक्का, एकदा हळू बोलून बघू. एवढ्या भागापुरतं."

आक्का पडल्या कष्टाळू. त्यांनी घरी सराव केला. म्हशीला हळू हाक मारून बघितली, म्हैस जागची हलली नाही. जावेला हळू हाक मारली, तर ती हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली, "काय झालं, काय झालं" करत. पण सेटवर त्यांनी करून दाखवलं. दारात उभ्या राहिल्या आणि खालच्या पट्टीत म्हणाल्या, "ये बाळा, जेवायला ये." मी ऐकलं आणि चपला शोधायला लागलो. आकडा मात्र न हलवता जागेवर बसला. मुंबई खूश. भाग टीव्हीवर गेला.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका आक्कांच्या दारात. एकीनं पेज आणली होती, एकीनं जोतिबाचा गुलाल. टीव्हीतल्या आईला काहीतरी मोठा आजार झालाय आणि ती पोरापासून लपवतेय, असं सगळ्या पंचक्रोशीनं ठरवून टाकलं होतं. त्यातल्या निम्म्या बायकांना तो आजार खऱ्या आक्कांनाच झालाय असं वाटत होतं. "डागदरकडं गेलतीस का? खरं सांग की गं!" इकडं माझ्या बायकोनंही विचारलं, "मारून टाकताय का हो तिला?" मालिकेत असलं काहीच नव्हतं. ती बाई नुसती पोराला जेवायला बोलावत होती! वाहिनीकडं तर ढिगानं निरोप गेले, की कृपा करून आईला मारू नका.

मला वाटलं, आता तरी ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. अहो, कसला प्रकाश! बैठक झाली आणि निर्णय झाला, की ह्या बाई मोठ्यानं बोलल्या तर चिडक्या वाटतात आणि हळू बोलल्या तर आजारी. तेव्हा चेहरा राहू दे, आवाज बदला.

आवाज देणारी मुंबईची बाई कामाला पक्की होती. नावं ठेवायला जागा नाही. आक्कांच्या ओठांवर तिनं आपली वाक्यं अशी बसवली, की मलासुद्धा सांधा सापडेना. मऊ, गोल, गाळून घेतलेला आवाज. आवाज वरखाली करायच्या फेडरला हात लावायची गरज पडत नव्हती. मीटरचा आकडा पहिल्या मिनिटाला जो बसायचा तो शेवटपर्यंत तिथंच. भाग पहिल्या फेरीत पास व्हायला लागले. ऋजुतानं अभिनंदनाचा मेल पाठवला, त्यात फुलांचं चित्र होतं. मी तो मेल वाचून खुर्चीवरून उठलो आणि विनाकारण बायकोवर खेकसलो. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला वरडताय? वरडायचं तिथं वरडा की!" तिथं तर मी ओरडून दमलो होतो.

आक्का काम सोडून गेल्या नाहीत. कबूल केलंय तर पुरं करायचं, हा त्यांचा स्वभाव. सेटवर त्या अजूनही मोठ्यानंच बोलायच्या आणि त्यांचं ते बोलणं मी माझ्या खोलीत पुसून टाकायचो, कारण त्या जागी दुसरं येणार असायचं. पुसायच्या आधी मी एकेक वाक्य ऐकत बसायचो. "कुठं उलथला हुतास रं इतका येळ?" ह्या वाक्यात जी माया होती, ती त्या गाळलेल्या आवाजात एक थेंबभर उतरली नाही. हे मी कुणाला मोजून दाखवू शकलो नाही.

खरा त्रास सेटच्या बाहेर सुरू झाला. मालिका घरोघर पोचली, आक्कांचा चेहरा सगळ्यांना पाठ झाला. त्या बाजारात गेल्या की बायका गोळा व्हायच्या. आक्का बोलायला तोंड उघडायच्या आणि समोरची बाई दचकायची. "अगं बया, घसा बसलाय का काय?" दूध घालायला डेअरीवर गेल्या तर तिथला माणूस म्हणायचा, "टीव्हीत किती ग्वाड बोलतासा, आन् हितं आमच्यावरच का वरडतासा?" एस.टी.त कुणी हळदीचं दूध घ्यायला सांगितलं, कुणी ज्येष्ठमध चघळायला दिलं. पहिल्यांदा आक्का हसायच्या, "ह्योच माझा आवाज हाय," म्हणून सांगायच्या. पण किती जणांना सांगणार? लोकांना टीव्हीतलं खरं वाटतं. हळूहळू त्यांनी बाजारात बोलणं कमी केलं. बोट दाखवून भाजी घ्यायच्या. मग बोलल्या तरी टीव्हीतल्या बाईसारखं, खालच्या पट्टीत, शब्द गोळा करून. लोक खूश व्हायचे. "आता कसं अगदी तसंच!"

मालिका संपली, दुसरी आली, तीही संपली. मी मीटरसमोर बसलोच आहे. मागच्या पावसाळ्यात आक्का मला बिंदू चौकात दिसल्या. मी रस्त्याच्या ह्या बाजूनं, आपल्या गावच्या रीतीनं, "ओ आक्का!" म्हणून ओरडलो. त्यांनी बघितलं, हात हलवला, रस्ता ओलांडून माझ्याजवळ आल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बरं हाय न्हवं?" मला ते सोसलं नाही. मी तिथंच चिडून म्हणालो, "अहो, मोठ्यानं बोला की! काय झालंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "सवय लागली वो." आणि निघून गेल्या. मी दिवसभर घरात सगळ्यांशी भांडत होतो.

परवा त्यांचा निरोप आला, गुऱ्हाळ लागलंय, काकवी घेऊन जावा. गेलो. वाडीत चिपाडं जळल्याचा वास, अंगणात ऊन, आक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला पिढं दिलं, काकवी दिली, सगळं त्याच खालच्या पट्टीत. मी ताटात बघत बसलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हाताला पीठ, म्हणून मीच तो स्पीकरवर लावून त्यांच्यापुढं धरला. मुंबईहून कुणी निर्मितीवाला होता. नवीन मालिका येतेय, कोल्हापुरातच शूटिंग, आजीची भूमिका आहे, तुमचा चेहरा लोकांना फार आवडतो.

"व्हय," आक्का हळू म्हणाल्या.

"आवाजाची काही काळजी करू नका. त्या आधीच्याच मॅडम करतील. तुम्ही फक्त ओठ हलवायचे."

आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली.

"किंवा तुम्ही आत्ता बोलताय ना, अगदी तसंच बोला. फार छान वाटतंय. आता शिकलात तुम्ही!"

तव्यावरच्या भाकरीला पाणी लावायचं राहून गेलं. आक्का उठून उभ्या राहिल्या. पिठानं भरलेले हात तसेच कमरेवर ठेवले. मालिका संपल्यापासून मी न ऐकलेला आवाज त्या चुलीपासून निघाला आणि अंगण ओलांडून बांधापर्यंत गेला. गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. शेजारचा म्हातारा हातातला तांब्या घेऊन बाहेर आला.

"ऐका वो पावणं! शिकलोय म्हंतासा? म्या पोरं वाडवली ह्या आवाजानं. रानातनं हाक मारली की नवरा वड्यापल्याडनं ओ द्यायचा ह्या आवाजाला! माझा आवाज घेनार आसशिला, तर त्येच्यासंगट तोंड घिऊन येतो. न्हाय तर तोंडबी हितंच बरं हाय माझं! आन् त्या तुमच्या म्याडमला सांगा, बाई ग्वाड हाय, पन तिला म्हनावं, तुजं तुज्या तोंडानं बोल आन् माजं मला बोलू दे!"

माझ्या हातातल्या फोनचा पडदा काळा झाला होता. पलीकडच्यानं तो कधी ठेवला, ते ह्या आवाजात आम्हा दोघांनाही ऐकू आलं नव्हतं. मी ते आक्कांना सांगितलं नाही, हात तसाच पुढं धरून राहिलो. त्या अजून बोलतच होत्या.